आजोबांचा वास

केशरबाई पहिल्या दिवशी आमच्या घरी आल्या तेव्हा त्यांनी बाळाच्या आधी माझ्या नखांकडे पाहिलं.

"दादा, बाळाला तुम्ही पण घेता?"

"घेतो की."

"मग ही कापा," म्हणाल्या आणि सरळ मोरीत जाऊन पाणी किती तापलंय ते बघायला लागल्या.

मला अपमान झाल्यासारखं वाटलं. बाळ येणार हे कळल्यापासून आठ महिने मी अभ्यास करत होतो. मूल नैसर्गिक पद्धतीनं वाढवायचं, निसर्गाला धक्का न लावता वाढवायचं, असं मी ठरवलं होतं. त्यासाठी इतके व्हिडिओ पाहिले होते की बाळंतपण मृणालचं आणि थकवा मला, अशी अवस्था झाली होती. त्या एवढ्या व्हिडिओंत नखं कापा असं कुणीच सांगितलं नव्हतं.

मी प्रीतम. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत विक्री विभागात आहे. कंपनी प्लास्टिकची झाकणं बनवते. दिवसभर मी गिऱ्हाइकांना झाकणांचे गुण सांगतो आणि संध्याकाळी कल्याणला घरी येऊन प्लास्टिकवर बंदी घालतो. यात काहीतरी चुकतंय असं मृणालनं, म्हणजे माझ्या बायकोनं, एकदा सुचवलं होतं. आतून माहिती असलेला माणूसच खरा विरोध करू शकतो, असं मी तिला समजावलं. तिनं पोटावर हात ठेवून कूस बदलली.

तर बंदी घातली. बहिणीनं पाठवलेला प्लास्टिकचा टब परत गेला आणि पितळेचं घंगाळ आलं. ते रिकामं उचलायला दोन माणसं लागतात. सावंतवाडीचा लाकडी खुळखुळा आला. तीन दिवसांच्या बाळाला तो धरता येत नव्हता, म्हणून मीच वाजवत बसायचो. लाकडी घाण्याचं खोबरेल आलं. डायपर तर दारातच अडवले. डायपर शेकडो वर्षं कुजत नाही आणि त्यातल्या मालासकट तसाच राहतो, हे मी मृणालच्या डोहाळजेवणाला पाहुण्यांना सांगितलं. पाहुणे तेव्हा श्रीखंड खात होते.

पण माझा खरा अभिमान होता तो कपड्यांचा. बाळाच्या अंगाला पहिलं कापड नवं लावायचं नाही, जुनेर लावायचं, ही आमच्याकडची रीत. घरात जो माणूस भरपूर जगला त्याच्या वापरातलं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं कापड घ्यायचं, म्हणजे त्याचं आयुष्य बाळाला लागतं. आईनं हे सांगितलं तेव्हा मी उडालोच. ना रंग, ना रसायन, ना कचरा. जे मी आठ महिने मोबाईलवर शोधत होतो ते आमच्याच माळ्यावर होतं.

भरपूर जगलेला माणूस म्हणजे माझे आजोबा, सीताराम. एक्याण्णव वर्षं जगले. वागळे इस्टेटमध्येच एका कारखान्यात लेथवर होते. एरवी खाकी, पण विहारात वंदनेला जाताना पांढरं शुभ्र धोतर आणि पांढरा सदरा. ते जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांचे ते कपडे आईनं ठाण्याच्या जुन्या घरी एका पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवले होते.

मी ट्रंक उघडली आणि वास आला. थंड, गोडसर, नाकात झोंबणारा. माझे डोळे भरून आले.

"आई," मी म्हणालो, "आजोबांचा वास."

आई काहीतरी बोलणार होती. मी हात वर करून तिला थांबवलं. भावनेच्या भरात असताना मला कुणी मध्ये बोललेलं खपत नाही.

तीन धोतरं आणि पाच सदरे घेऊन मी कल्याणला आलो. शिंप्याकडून त्यांचे लंगोट, झबली आणि दुपटी करून घेतली. रिठ्याच्या गार पाण्यातून एकदाच काढली आणि मुद्दाम सावलीत वाळवली, वास उडू नये म्हणून. बाळ तिसऱ्या दिवशी घरी आलं ते आजोबांच्या धोतरात. मी फोटो काढला, 'चार पिढ्यांचा स्पर्श' असं लिहून सगळीकडे पाठवला. खूप लोकांना आवडला.

सहाव्या दिवसापासून केशरबाई येऊ लागल्या. शहाड स्टेशनच्या पलीकडे एका चाळीत राहतात. नवरा तिकडच्याच एका कारखान्यात होता. त्याची छाती धरायला लागली, काम सुटलं, तेव्हा सासूनं यांना आपल्या धंद्यात ओढलं. सासू गंगुबाई म्हणजे त्या भागातली नावाजलेली न्हाऊ घालणारी. तिनं महिनाभर सुनेला बाळाला हात लावू दिला नाही. रोज पाटावर बसवायची, पाय लांब करायला लावायची आणि सुनेच्या उघड्या नडगीवर तांब्यानं पाणी ओतून विचारायची, "कसं आहे?" बाळ पायावर निजतं, तर पाण्याची पारख पायाला हवी, बोटाला नाही, असं तिचं म्हणणं. केशरबाईंच्या नडग्या त्या महिन्यात भाजून निघाल्या. त्यानंतर तीस वर्षांत त्यांच्या हातून एका बाळाला चटका बसलेला नाही.

हे सगळं त्या काम करता करता सांगायच्या. घरून नेसून आलेलं लुगडं बदलायच्या, बांगड्या काढून खिडकीत ठेवायच्या, पाटावर बसायच्या. आणि एकदा सांगायला लागल्या की कल्याणमधली निम्मी माणसं त्यांच्या पायावरून गेलेली निघायची. चौकातला वाहतूक पोलीस, बँकेत पासबुक छापून देणारी मुलगी, आमच्या संकुलाचा सेक्रेटरी सुद्धा. "हा माझ्या हातचा," त्या म्हणायच्या. सेक्रेटरी सभेत तावातावानं बोलायला लागला की मला आता तो पालथा दिसतो.

तर पहिल्याच दिवशी नखांनंतर त्यांनी लंगोट उचलला आणि नाकाला लावला.

"दादा, हे कपडे कशात ठेवलेले?"

"ट्रंकेत. माझ्या आजोबांचे आहेत."

"वास मारतात."

"वास मारत नाहीत, वास येतो. आजोबांचा."

"आजोबांचा असूंदे. चांगले उकळा आणि दोन दिवस कडक उन्हात टाका. तोवर ताईंचा जुना गाऊन फाडा."

मी त्यांना शांतपणे समजावलं. उकळल्यानं सुती धागा मरतो, तीव्र उन्हानंही मरतो, असं मी वाचलं होतं.

"धागा कधीच मेलाय, दादा," त्या म्हणाल्या. "पोर जितं आहे."

मृणाल पलंगावरून हसली. मला राग आला. आठ महिन्यांचा अभ्यास एकीकडे आणि ही बाई एकीकडे. त्यांच्या पिशवीत गुलाबी डब्यातली सुगंधी पावडर होती, मी स्वतः पाहिली होती. अशा माणसानं मला निसर्ग शिकवावा! मी कपडे तसेच वापरायचे असा हुकूम काढला. आईलाही बजावलं की यात कुणी लुडबुड करायची नाही.

दोन दिवसांनी न्हाणं झाल्यावर केशरबाईंनी बाळाला खिडकीपाशी नेलं आणि त्याची पापणी हलकेच वर केली.

"डोळे पिवळे दिसतात. डॉक्टरला दाखवा."

हे मला माहीत होतं. पहिल्या आठवड्यात बऱ्याच बाळांना थोडी कावीळ होते, कोवळं ऊन दिलं की उतरते. जानेवारीचं छान ऊन होतं. मी बाळाला आजोबांच्या दुपट्यात नीट गुंडाळलं, डोक्याला आजोबांच्या सदऱ्याचं टोपरं बांधलं आणि तासभर गॅलरीत बसलो. निसर्ग आणि परंपरा दोन्ही एकदम देत होतो. इतका समाधानी मी लग्नातही नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी केशरबाई आल्या, लुगडं बदललं, पाटावर बसल्या, बाळाला पायावर घेतलं. लंगोट सोडला, पाहिला आणि बाळाला परत गुंडाळून माझ्याकडे दिलं.

"आज आंघोळ नाय. शू बघा, कोऱ्या चहासारखी आहे. आज डॉक्टर."

"पण पाणी तापलंय," मी म्हणालो.

"त्या पाण्यानं तुम्ही करा आंघोळ."

मृणाल तोवर चपला घालून दारात उभी होती. नऊ दिवसांची बाळंतीण, पण माझ्या आधी लिफ्टपाशी पोचली.

डॉक्टर देवयानी मॅडमनी बाळाला पाहिलं आणि दुसरा कुठला प्रश्न न विचारता रक्त काढायला सांगितलं. कावीळ खूप वाढली होती. बाळाला निळ्या दिव्यांखाली ठेवलं, डोळ्यांवर पट्टी बांधली. उद्यापर्यंत काविळीचा आकडा उतरला नाही तर रक्त बदलावं लागेल, असं म्हणाल्या. त्या पेटीत तो इवलासा जीव हातपाय हलवत होता. मी काचेला हात लावून उभा होतो. आयुष्यात इतका मी कधीच घाबरलो नव्हतो.

घाबरल्यावर शहाणा माणूस गप्प बसतो. मी दोषी शोधायला लागतो.

जाताजाता मॅडमनी विचारलं होतं, "बाळाला काय काय लावता? तेल कुठलं?" बस्स. तेल! मालिश! माझ्या डोक्यात सगळं जुळलं. शिवाय त्या बाईला आधीच कसं कळलं डोळे पिवळे होणार ते? जिनं केलं तिलाच माहीत असणार. तेल मीच आणलेलं होतं हे त्या क्षणी आठवलं नाही. राग आला की माझी स्मरणशक्ती सोयीपुरतीच चालते. मी पॅसेजमध्ये जाऊन केशरबाईंना फोन लावला आणि चोराच्या उलट्या बोंबा मारल्या. त्या दोनदा म्हणाल्या, "पोर कसं आहे ते सांगा आधी." मी सांगितलं नाही. फोन ठेवला आणि आमच्या संकुलातल्या आईबाबांच्या ग्रुपवर लिहिलं: 'सावधान. मालिशवाल्या केशरबाईंच्या हातून आमच्या बाळाला गंभीर त्रास झाला आहे. ऍडमिट आहे. कृपया त्यांना घरी बोलावू नका.'

एकशे चाळीस घरं आहेत आमच्याकडे. त्यातल्या दोन घरी केशरबाई जात होत्या. दोन्ही घरांनी संध्याकाळपर्यंत त्यांना येऊ नका म्हणून कळवलं. मला धन्यवादही आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम आल्या. आकडा किंचित उतरला होता. बाळाच्या अंगावर एकच वस्त्र होतं, नर्सनं बांधलेला डायपर. मी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आई धुतलेल्या कपड्यांची पिशवी घेऊन आली होती. मॅडम त्या पिशवीजवळून गेल्या आणि थबकल्या.

"हा वास कसला?"

"माझ्या आजोबांचा," मी म्हणालो.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "कुठे ठेवले होते?"

"ट्रंकेत. म्हणजे कपडे. आजोबा अकरा वर्षांपूर्वी गेले."

त्यांनी एक झबलं काढून हुंगलं आणि आईकडे वळल्या. "डांबर गोळ्या टाकत होता का?"

"दर दिवाळीला नव्या," आई म्हणाली. "कसर लागू नये म्हणून. मूठभर टाकायचे."

मॅडमनी पिशवीचं तोंड गच्च बांधलं आणि ती खोलीबाहेर ठेवायला लावली. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एक कमतरता असते, त्या म्हणाल्या. अशा बाळांना डांबर गोळ्या सोसत नाहीत. कपड्यातून, श्वासातून त्यातलं रसायन अंगात जातं, रक्तातल्या पेशी फुटतात आणि कावीळ भडकते. आमच्या बाळाची तपासणी त्यांनी आदल्या दिवशीच पाठवली होती आणि तेच निघालं होतं. "कपडे उकळून उन्हात टाकायला कुणी सांगितलं नाही का?" त्यांनी विचारलं.

सांगितलं होतं, असं मृणाल म्हणाली. केशरबाईंचं नाव मात्र तिनं माझ्याकडे बघून घेतलं.

मॅडम गेल्यावर मी आईवर घसरलो. "तू बोलली का नाहीस तेव्हा?"

"बोलत होते. तू हात केलास." मग आईनं पदर नीट केला. "आणि आजोबांचा वास काय रे? मामंजींना कुठला वास? दोन वेळा आंघोळ करायचे. आलाच तर तपकिरीचा."

अकरा वर्षांनी ज्या वासानं मी रडलो होतो तो कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पुडीत मिळत होता.

रक्त बदलावं लागलं नाही. चार दिवसांनी बाळ दिव्याखालून बाहेर आलं. मृणाल माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. घरी निघताना तिनं विचारलं, "केशरबाईंना फोन केलास?"

"करतो. बाळ जरा ठणठणीत होऊ दे."

"ग्रुपवर लिहायला नव्हतास थांबलास ते."

फोन केला. उचलला नाही. तीनदा केला. म्हणून रविवारी मी शहाडला गेलो. माफी मागायला काय न्यावं हे सुचेना, तेव्हा सेंद्रिय गुळाची ढेप नेली. मनुष्य सहजासहजी सुधारत नाही.

केशरबाई उंबऱ्यात बसून मेथी निवडत होत्या. मला पाहून त्यांनी हात थांबवले.

"पोर कसं आहे?"

"बरं आहे, मावशी. घरी आणलं."

"शू?"

"पाण्यासारखी."

त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मान हलवली. मग पुन्हा मेथी. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं, डांबर गोळ्यांपासून फोनपर्यंत. माझं चुकलं, मला माफ करा, असं म्हणालो.

"माझ्या कानात सांगून काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "मी काय केलं नाय हे मला ठाऊक होतंच. जिथं लिहिलंत तिथं लिहा. आत्ता लिहा. ऐश्वर्या, बाहेर ये गं, हे वाचून दाखव."

ऐश्वर्या त्यांची सून. ती कणकेचे हात पुसत आली आणि माझ्या खांद्याशी उभी राहिली. मी लिहिलं. तिनं मोठ्यानं वाचलं, "काही गैरसमजामुळे केशरबाईंबद्दल..."

"गैरसमज कोणाचा?" केशरबाई.

मी बदललं. "आमच्या गैरसमजामुळे..."

"आमच्या म्हणजे ताईंच्या पण? त्यांनी काय केलं?"

पुन्हा बदललं. माझ्या. प्रीतमच्या.

"तेल कोणाचं होतं ते घाला. कपडे उकळायला कोण बोललेलं ते घाला. आणि त्या गोळ्यांचं नीट घाला. एकशे चाळीस घरं आहेत तुमच्याकडे, उद्या कोण ना कोण ट्रंक उघडील."

दिवसभर झाकणांचे गुण सांगणाऱ्या माणसाला त्या दिवशी सहा वेळा मजकूर बदलावा लागला. शेवटी जो गेला त्यात माझं नाव चार वेळा होतं आणि एकदाही चांगल्या कामासाठी नव्हतं. लगेच उत्तरं आली. दोघातिघांनी हसणारे चेहरे टाकले. सेक्रेटरीनं विचारलं, 'आजोबांचा वास म्हणजे नक्की काय?' एका घरानं केशरबाईंना लगेच परत बोलावलं. दुसऱ्या घरानं तोवर दुसरी बाई लावली होती, ती तशीच राहिली.

"उद्यापासून येणार ना, मावशी?" मी विचारलं.

"नाय. तुमची सकाळची वेळ आधारवाडीला एका बाळंतिणीला दिली."

"मग आमच्या बाळाला?"

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "तुम्हाला पाय आहेत ना?"

पुढचे तीन रविवार त्या दुपारी आल्या आणि मला शिकवलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी मोरीत पाटावर बसलो, पाय लांब केले. मृणाल दारात उभी राहून पाहत होती. बऱ्याच दिवसांत ती पहिल्यांदा हसली आणि त्यासाठी माझ्या नडग्या कारणी लागल्या. केशरबाईंनी आधी नखं पाहिली. मग तांब्याभर पाणी माझ्या नडगीवर ओतलं. मी किंचाळलो.

"कसं आहे?"

"कढत!"

"मग पोराला काय वाटेल? तेल कुठलं नि लाकूड कुठलं ते मागून. गार घाला त्यात."

मग त्यांनी बाळाला माझ्या पायांवर पालथं ठेवलं. मी ते घट्ट धरलं, तेव्हा म्हणाल्या, "आवळू नका. पाय सैल सोडा, ते आपसूक बसतं." पाय सैल सोडायला मला दोन रविवार लागले. तिसऱ्या रविवारी बाळ माझ्या पायावर, पाणी पडत असताना, झोपून गेलं. मी हललो नाही. पाय बधिर झाले तरी हललो नाही. गुलाबी डब्यातल्या पावडरीबद्दल मी विचारलं तेव्हा कळलं की ती त्या स्वतःसाठी ठेवतात. दिवसभर पाण्यात बसून मांड्या सोलवटतात.

बाळाचं नाव सम्यक ठेवलं. आता तो दीड वर्षाचा आहे. घंगाळात मी कांदे-बटाटे ठेवतो. घरात येणारं प्रत्येक कापड आधी नाकाला लावतो, त्यामुळे पाहुणे भेट दिलेला टॉवेल मला हुंगताना पाहून अवघडतात. प्रवासात डायपरही वापरतो.

गेल्या महिन्यात शहाडच्या रस्त्यावर केशरबाई भेटल्या. बरोबर एक शेजारीण होती. सम्यकला पाहून त्यांनी भाजीची पिशवी खाली ठेवली, त्याची मांडी दाबून पाहिली, पापणी वर करून डोळा पाहिला. सम्यक त्यांच्या बांगड्या ओढत होता.

"हा पण तुमच्या हातचा का?" शेजारणीनं विचारलं.

मी वाट पाहत होतो. त्या हो म्हणतील असं वाटत होतं.

"नाय," केशरबाई म्हणाल्या. "हा बापाच्या हातचा." आणि त्याच्या गालाला हात लावून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

शेजारीण माझ्याकडे कौतुकानं बघत होती. मीही हसलो. पण कल्याणात एवढी पोरं त्यांच्या हातची आहेत, आमचंच तेवढं नाही.